बारावीनंतर ‘कम्युनिटी पोलिसिंग’ची डिग्री घ्यावी का, की साधं बीए करून भरती मारावी?

माणदेशी_पोरगी
नमस्कार सगळ्यांना. प्रश्न लांबलाय, कंटाळा आला तर शेवटचा पॅरा तेवढा वाचा. मी सोलापूर जिल्ह्यातली, मागच्या वर्षी बारावी आर्ट्स झाले, ६८ टक्के. यंदा पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता, ८०० मीटर बरं पळाले, १०० मीटर पण ठीक, गोळाफेकीत मात्र मार खाल्ला, ५० पैकी ३४ पडले आणि लेखीला बोलवायच्या एकास दहाच्या यादीत नाव आलंच नाही. घरचे म्हणतात परत दे. मामा पोलीसमध्ये आहे, तो म्हणतो साधं बीए कर आणि सोबत एमपीएससी, बाकी सगळे पैसे घालवायचे धंदे.

आता मुद्दा. तालुक्याला एक शिक्षण मेळावा झाला, तिथे एका एजंटने पत्रक दिलं, इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिटीची पोलिसिंगची डिग्री, त्यात कम्युनिटी पोलिसिंगवर, म्हणजे लोकांशी ओळख ठेवून त्यांच्या सोबतीने पोलिसाचं काम करण्यावर भर वगैरे. फोटोत पोलीस सायकलवर बसून शाळेतल्या पोरांशी हसत बोलतायत. आमच्याकडे पोलीस एवढा हसतो तो फक्त साहेबांसोबत फोटो असेल तेव्हा. तरी ते पत्रक मी जपून ठेवलंय, कारण सांगते.

मी दहावीत असताना आमच्या शेजारच्या वहिनींना नवऱ्याने फार मारलं होतं, आई आणि मी त्यांना घेऊन पोलीस स्टेशनला गेलो, तीन तास बाकावर बसलो, शेवटी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेतली आणि जा म्हणाले. त्या तीन तासांत एक लेडीज कॉन्स्टेबल होत्या त्यांनी पाणी दिलं, वहिनींच्या लेकराला बिस्किटाचा पुडा आणून दिला, आणि खरं म्हणजे पुढच्या रविवारी त्या साध्या ड्रेसवर आमच्या गल्लीत आल्या, आमच्याच ओट्यावर बसून चहा घेतला आणि जाताना सहज वहिनींच्या दारात डोकावून “काय, बरं आहे ना?” एवढंच विचारलं. नवरा घरातच होता. त्यानंतर बरेच महिने त्या घरातून आवाज आला नाही. मला त्या बाईंसारखं व्हायचंय, आणि हे कुठे शिकवतात ते विचारतेय.

तर प्रश्न असे, की अशी डिग्री एमपीएससीला चालते का, त्यात नेमकं शिकवतात काय, इंग्लंडचं खरं आहे का, आणि ही डिग्री घेऊन खात्यात कोणी विचारतं का. प्लीज टोमणे नकोत, ते मामाकडून रोज मिळतात.


पहाटे_पाचचं_ग्राउंड
ताई ३४ म्हणजे काही वाईट नाही. डिग्री बिग्री नंतर बघ, आधी गोळा. मी दोनदा लेखीत गेलो, तिसऱ्यांदा लागलो. शिपाई भरतीला बारावीच लागते, डिग्रीचे जास्तीचे मार्क कोणी देत नाही.


बॅच_एकोणीस
मी हेच शिकलोय म्हणून उत्तर देतो, थोडं मोठं होईल.

आधी सरळ उत्तर. पीएसआयसाठी एमपीएससीला कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते. तुझी पोलीस सायन्सची असो नाहीतर मराठी वाङ्मयाची असो, फॉर्ममध्ये एकच रकाना आहे. म्हणजे डिग्री चालते, पण तिचा वेगळा भाव नाही. निवड झाली की नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत सगळ्यांना सारखंच ट्रेनिंग, तिथे मॅकेनिकलवाला इंजिनीअर आणि मी शेजारीशेजारी उभे राहणार. फक्त विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते स्वतः बघ, डिस्टन्स असेल तर त्या कोर्सला त्या वर्षाची परवानगी आहे का तेही बघ, पत्रकावर विश्वास ठेवू नकोस.

आपल्या देशात सरकारी म्हणाल तर गांधीनगरला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे, आधी ते गुजरातचं रक्षा शक्ती विद्यापीठ होतं, २०२० च्या कायद्याने केंद्राचं झालं. जोधपूरला सरदार पटेल पोलीस विद्यापीठ आहे. एमए करायचं तर क्रिमिनॉलॉजीला धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ जुनं आहे, तुम्हाला सोलापूरवरून लांब पण नाही. एक घोळ करू नकोस, फॉरेन्सिक सायन्स वेगळं. त्यात लॅब, रक्त, शाई, आपल्या मुंबई-संभाजीनगर-नागपूरच्या संस्था त्याच्या आहेत आणि त्याला सायन्स लागतं. बरेच जण सिरियल बघून तिकडे जातात आणि केमिस्ट्रीत अडकतात.

मी कुठे शिकलो ते सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. पहिली दोन वर्षं भारी गेली. कायदा होता, म्हणजे आमच्या वेळी आयपीसी-सीआरपीसी, आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता आल्या तर ते नव्याने पाठ करावं लागणार. समाजशास्त्र, गुन्हेगारीशास्त्र, पोलिसांचा इतिहास, १८६१ चा पोलीस कायदा इंग्रजांनी उठावानंतर लोकांना दाबायला आणला आणि त्याच सांगाड्यावर आपण अजून उभे आहोत हे सगळं. सुप्रीम कोर्टाचा पोलीस सुधारणांवरचा २००६ चा प्रकाश सिंग निकाल. तमिळनाडूत १९९३ ला रामनाथपुरमला सुरू झालेली, साध्या लोकांना पोलिसांच्या मदतीला घेणारी ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’, केरळची २००८ ची जनमैत्री योजना, ज्यात बीट अधिकारी (ठरावीक भाग नेमून दिलेला पोलीस) हद्दीतल्या घराघरात जाऊन ओळख करून घेतो. हे सगळं वाचायला खरंच मजा येते. तक्रार एवढीच की शिकवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पोलीस स्टेशन आतून पाहिलेलं नव्हतं, आणि उरलेले निम्मे रिटायर्ड साहेब होते ज्यांना फक्त स्वतःच्या केसेस सांगायच्या असायच्या.

पण एक गोष्ट मला त्या डिग्रीने दिली ती सांगतो. हर्मन गोल्डस्टीन नावाचे अमेरिकेतले प्राध्यापक होते, त्यांनी १९७९ मध्ये मांडलं की पोलीस एकेका घटनेमागे पळतात, त्यापेक्षा सारख्या घटना एकत्र ठेवून मुळात प्रॉब्लेम काय आहे ते बघा. वर्गात मला हे फार साधं वाटलं, एवढ्यासाठी प्रोफेसर कशाला पाहिजे. मग इंटर्नशिपला एका तालुक्याच्या ठाण्यात दोन महिने होतो. तिथे एसटी स्टँडवर मोबाईल आणि गंठण चोरीच्या तक्रारी यायच्या. माझ्याकडे काम काहीच नव्हतं, म्हणून मी मागच्या वर्षभराच्या तक्रारी काढून वहीत वार आणि वेळ लिहीत बसलो. निम्म्याहून जास्त बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी, आणि त्यातल्या बऱ्याच एकाच गाडीच्या. जाऊन उभा राहिलो तर कळलं, त्या गाडीनंतर त्या बाजूला दोन तास गाडीच नाही, त्यामुळे सगळ्या बाया पिशव्या डोक्यावर घेऊन एका दारात घुसतात, खिडकीतून रुमाल टाकतात, आणि त्या रेटारेटीत गळ्याला हात गेलेला कोणाला कळणार. हवालदार मला म्हणाले बंदोबस्त लावू. मी म्हटलं आगारप्रमुखांना विचारून बघू का. एक जादा गाडी बाजाराच्या दिवशी पाऊण तास नंतर सोडली. मी असेपर्यंतच्या तीन बाजारांत एकही तक्रार आली नाही. पुढे काय झालं माहीत नाही, बहुतेक जादा गाडी बंद पडली असणार, डिझेलचा विषय निघतोच.

हे मला साध्या बीएत सुचलं असतं का? सुचलं असतं कदाचित. पण ती वही काढायचं डोक्यात आलं नसतं.

सध्या मी काय करतो? पुण्यात पेठेत अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी. हसू नका.


लीड्सकर
मी बारा वर्षं इंग्लंडमध्ये आहे, त्या पत्रकाबद्दल लिहितो, कारण याच्यात लोक फसताना बघतोय.

इथे ‘प्रोफेशनल पोलिसिंग’ नावाची डिग्री खरी आहे, तीन वर्षांची, कॉलेज ऑफ पोलिसिंग या संस्थेचं लायसन्स असलेल्या युनिव्हर्सिटी शिकवतात. अभ्यास चांगला आहे. त्यात नेबरहूड पोलिसिंग असतं, घरगुती हिंसा ओळखायची कशी, मानसिक आजारी माणसाशी बोलायचं कसं, सगळं असतं. पण तीन गोष्टी एजंट सांगत नाही.

पहिलं म्हणजे डिग्री झाली की पोलीस झालात असं नाही. डिग्रीनंतर पाच वर्षांच्या आत एखाद्या फोर्सला वेगळा अर्ज करायचा, त्यांची निवड, मेडिकल, चौकशी सगळं पार पाडायचं. दुसरं, आणि हे तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, पोलीस व्हायला इथलं नागरिकत्व लागतं किंवा कायम राहायचा परवाना, म्हणजे राहण्यावर कुठलंही बंधन नको. स्टुडंट व्हिसावर आलेल्या पोरीला तो गणवेश मिळणार नाही. इथली पोरं शिकता शिकता स्पेशल कॉन्स्टेबल होतात, बिनपगारी पण पूर्ण अधिकार असलेले, त्यातूनच त्यांना खरा अनुभव मिळतो. तो पण तुला करता येणार नाही, त्यालाही तीच अट. म्हणजे पोहायला शिकायचे पैसे भरायचे आणि काठावर बसायचं. तिसरं, इथेच आता डिग्रीशिवाय भरतीचा रस्ता परत सुरू केलाय.

सायकलवरच्या त्या फोटोतले बहुतेक पीसीएसओ, म्हणजे पोलीस कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर असणार, २००२ च्या कायद्याने आलेलं पद. त्यांना पूर्ण पोलिसाचे अधिकार नसतात, काम मुख्यतः फिरायचं, ओळखी ठेवायच्या. आमच्या भागातली पीसीएसओ आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना नावानिशी ओळखते, मला अजून ‘मिस्टर के’ म्हणते कारण आडनाव जमत नाही. लंडनमध्ये प्रत्येक वॉर्डाला रहिवाशांचं पॅनेल असतं, ते पोलिसांना सांगतात की पुढचे काही महिने आमच्याकडे कशावर लक्ष द्या. मी एकदा मित्राबरोबर असल्या मीटिंगला जाऊन बसलो होतो, दीड तासातला एक तास कुत्र्यांच्या घाणीवर आणि पोरं स्कूटर फूटपाथवर चालवतात यावर. मला वाटलं हे काय पोलिसांचं काम आहे. पण ती इन्स्पेक्टरबाई सगळं लिहून घेत होती.

थोडक्यात, पैसे ठेव. एवढ्या पैशात वडिलांच्या शेतात दोन बोअर होतील.


निवृत्त_ठाणे_अंमलदार
पोरी, तुझा प्रश्न दोनदा वाचला. ३८ वर्षं नोकरी करून एएसआय म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे टायपिंगच्या चुका पदरात घे, नातू चष्मा घेऊन गेलाय.

तुझ्या त्या लेडीज कॉन्स्टेबलने जे केलं त्याला आमच्या वेळी नाव नव्हतं. आमचे एक जुने बीट हवालदार होते, त्यांच्याकडे एक लाल कापडी बाईंडिंगची डायरी असायची, सरकारी नाही, स्वतःच्या पैशाने घेतलेली. प्रत्येक वाडीला चार पानं. कोणाचं कोणाशी बांधाचं भांडण, कोणाच्या विहिरीची पाळी, कोणाचा पोरगा पुण्याहून परत आलाय आणि काम करत नाही, कोणाची लेक माहेरी येऊन राहिलीय आणि परत जायचं नाव काढत नाही. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं असायचं की कोणाच्या घरी चहा घ्यायचा नाही, कारण त्या घरी घेतला की समोरचा बोलत नाही. मला ती डायरी त्यांनी निवृत्तीच्या दिवशी दिली आणि म्हणाले, यातलं एक अक्षर साहेबांना दाखवू नको, नाहीतर ते याचा रिपोर्ट मागतील. मी ती तीन वर्षं वापरली. मग बदली झाली आणि नवीन हद्दीत ती डायरी म्हणजे रद्दी. हा रोग मोठा आहे बघ, माणूस ओळखी करतो आणि बदलीची ऑर्डर येते.

डिग्रीवाल्या मुलाने केरळ तमिळनाडू सांगितलं, चांगलं सांगितलं, पण घरचं विसरला. मी भरती झालो १९८३ ला, एसआरपीत म्हणजे राज्य राखीव पोलीस दलात. १९८४ च्या मे मध्ये भिवंडीला बंदोबस्ताला होतो. काय बघितलं ते इथे लिहीत नाही. भिवंडीत १९७० ला पण दंगल होऊन गेलेली. मग १९८८ ला सुरेश खोपडे साहेब तिथे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, ७० च्या आसपास. दोन्ही समाजाची माणसं एका कमिटीत, आणि नुसते पुढारी नाहीत, यंत्रमागवाला, रिक्षावाला, हॉटेलवाला, बाया पण. प्रत्येक कमिटीला पोलिसातला माणूस जोडून दिलेला. बैठका दंगल झाल्यावर नाही, काही झालेलं नसताना घ्यायच्या, आणि विषय काय तर नळाला पाणी येत नाही, नवराबायकोचं भांडण, भाडेकरू खोली सोडत नाही. आमच्यातलेच लोक हसायचे, म्हणायचे साहेब नगरपालिका चालवतात. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ ला मुंबई पेटली, मी तेव्हा मुंबईत बंदोबस्ताला, आणि वायरलेसवर आम्ही सारखी वाट बघायचो की आता भिवंडीचं येईल, आता येईल. नाही आलं. ज्या गावाचं नाव ऐकून आमच्या पोटात गोळा यायचा ते गाव शांत राहिलं. त्यानंतर मुंबईत पण ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, सतीश सहानी अशा लोकांनी मोहल्ला कमिट्यांचं काम उभं केलं.

तुला हे शिकायचं असेल तर कॉलेजात शिकवतील, नाही असं नाही. पण त्याच्या आधी फुकट बघायचं असेल तर गणपतीच्या आधी तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात शांतता कमिटीची बैठक असते, मामाला सांग आणि कोपऱ्यात बसून बघ. समोरच्या रांगेत तेच पंधरा चेहरे असतात, दरवर्षीचे. हार, नारळ, ‘आपलं गाव नेहमीच एकोप्याचं’ हे भाषण, चहा. त्यात काही नसतं. बैठक संपल्यावर बाहेर टपरीवर जा. तिथे कुठल्यातरी मंडळाचा पोरगा बीट हवालदाराला हळूच सांगतो की त्या मंडळाने डॉल्बी बाहेरच्या जिल्ह्यातून ठरवलाय आणि विसर्जनाला त्याच चौकात मुद्दाम थांबणार आहेत. ते ऐकायला तू तिथे असायला पाहिजेस. आणि तो पोरगा तुला सांगेल का? पहिल्या वर्षी नाही सांगणार.


तिसरा_डोळा
काका तुमचा आदर आहे पण जरा दुसरी बाजू पण मांडतो. भिवंडीचं उदाहरण सगळे देतात, पुढचं कोणी सांगत नाही. त्याच भिवंडीत २००६ ला पोलीस स्टेशनच्या जागेवरून भडका उडाला, दोन पोलीस मारले गेले, गोळीबारात दोन लोक गेले. म्हणजे साहेब गेले की योजना पण गेली.

दुसरं, पोलीस मित्र म्हणजे आमच्या गावात काय आहे माहितीय का, ज्याच्याकडे बुलेट आहे आणि ज्याला गाडीवर ‘पोलीस’ लिहायची हौस आहे तो. तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष म्हणजे ज्याला सरपंच होता आलं नाही तो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एवढी भांडणं तंटामुक्ती अध्यक्ष कोण यावरून होतात की आधी त्याच्यासाठी वेगळी समिती पाहिजे.

आणि मला खरा प्रश्न विचारायचाय या डिग्रीवाल्यांना. कम्युनिटी म्हणजे कोण? आमच्या गावाबाहेर पारध्यांची वस्ती आहे. गावात कुठेही पाईप चोरीला गेला, मोटर चोरीला गेली की पहिली गाडी त्या वस्तीवर. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, १९५२ ला तो रद्द झाला, तुमच्या सोलापुरात तर काटेरी कुंपणातली सेटलमेंटच होती, अजून तिथल्या वस्तीचं नाव सेटलमेंट फ्री कॉलनी आहे. कायदा जाऊन सत्तरच्या वर वर्षं झाली पण गाडीला वस्तीचा रस्ता पाठ आहे. शांतता कमिटीच्या त्या पंधरा चेहऱ्यांत कधी एक पारधी बघितलाय का काका? गावातले बाकीचे ‘लोकसहभाग’ म्हणून पोलिसांना काय सांगतात, तर आधी त्यांना उचला. मग हे कम्युनिटी पोलिसिंग नेमकं कोणाच्या बाजूने?


निवृत्त_ठाणे_अंमलदार
नाही बघितला. कधीच नाही. गाडी वस्तीवर नेणाऱ्यांत मी पण होतो, ते नाकारत नाही.

एवढंच सांगतो, आमच्या हद्दीत एका वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा सुरू झाली तेव्हा तिथल्या बाई मला म्हणाल्या, तुमची गाडी आली की पोरं खिडकीतून उड्या टाकून उसात पळतात, पटावर वीस आहेत आणि मी कोणाला शिकवू. त्यानंतर मी तिथे एकटाच जायचो, सायकलवर, टोपी काढून. पोरं पळायची थांबायला एक पावसाळा गेला. त्याचा फायदा असा झाला की पुढे खरा चोर कोण हे मला त्याच वस्तीतून कळलं, आणि तो वस्तीतला नव्हता, गावातल्या एका बऱ्या घरातला होता. मग गावाने मला नाव ठेवलं.

तंटामुक्तीचं म्हणाल तर आर. आर. आबांनी २००७ ला सुरू केली तेव्हा पहिली चारपाच वर्षं मी स्वतः बांधाची जुनी जुनी भांडणं मिटलेली बघितली. काही ठिकाणी मिटवली, काही ठिकाणी बक्षिसासाठी मिटवल्यासारखी दाखवली, आणि बायकांच्या तक्रारी सुद्धा ‘तंटा’ म्हणून मिटवायला लागले ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. मारहाण हा तंटा नाही.


स्पेशल_सेलवाली
काकांनी शेवटचं वाक्य लिहिलं म्हणून मी लिहितेय, नाहीतर नुसती वाचून जाणार होते.

माणदेशी_पोरगी, तू वहिनींचं जे सांगितलंस ना, तुला बहुतेक पोलिसिंगची डिग्री नकोय, तुला आमचं काम हवंय. किंवा दोन्ही हवंय. मी एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची मास्टर्स डिग्री केलीय, पोलीस स्टेशनच्या आवारात महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात बसते. हा प्रकार १९८४ ला मुंबईत पोलीस आयुक्तालयात टीस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूटने सुरू केला, आता सरकारनेच जिल्ह्याजिल्ह्यात केलेत. आम्ही पोलीस नाही, गणवेश नाही, पण बसायचं पोलिसांच्या आवारात. बाई आली की आधी तिला बसवायचं, तिचं पूर्ण ऐकायचं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात काय करता येईल ते सांगायचं, आणि एफआयआर करायची असेल तर शेजारच्या खोलीत तिच्यासोबत जायचं. बऱ्याच जणी एफआयआरला येत नाहीत, ‘त्याला जरा समज द्या’ म्हणून येतात. तिला खरंच तेवढंच हवंय की भीतीने तेवढंच मागतेय हे ओळखायला मला चार वर्षं लागली.

टीसमध्ये क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिसचं एमए पण आहे, त्याला आठवड्यातले ठरावीक दिवस फील्डवर्क असतं, कोणी जेलमध्ये, कोणी कोर्टात, कोणी ठाण्यात. बीए कुठल्याही विषयात चालतं, एन्ट्रन्स आहे. तू बीएला समाजशास्त्र नाहीतर मानसशास्त्र घे. आणि कुठलाही कोर्स बघताना एकच विचार, फील्डवर्क किती दिवसांचं आणि तिथे तुमच्यावर लक्ष ठेवणारं कोण असतं. “आम्ही भेट देतो” म्हणाले तर सहल समज. आमच्याकडे एका कॉलेजची पोरं एकदा बसने आली, चाळीस जण, बाईंनी हजेरी घेतली, सगळ्यांनी फोटो काढले, आणि आत एक बाई तोंड सुजलेली बसली होती तिने पदर पुढे ओढला. मी त्या प्राध्यापकांना नंतर फोन करून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बॅच_एकोणीस, तुझी एसटीची वही मला आवडली. जादा गाडीचं पुन्हा विचारून ये.


बॅच_एकोणीस
ताई विचारलं तर हवालदारांची पण बदली झालेली असणार :)

काका, एक शंका, वर्गात आम्हाला लंडनचं पोलीस दल उभं करणारे रॉबर्ट पील आणि १८२९ चं लंडन, त्यांची नऊ तत्त्वं, पोलीस म्हणजेच लोक आणि लोक म्हणजेच पोलीस, हे देवाच्या आरतीसारखं पाठ करून घेतलं होतं. नंतर कळलं ती नऊ तत्त्वं पीलने त्या स्वरूपात लिहिलेलीच सापडत नाहीत, पुढच्या शतकात कोणीतरी त्यांच्या नावावर नीट मांडली. मला तेव्हा फसवल्यासारखं वाटलेलं. तुमच्या लाल डायरीचं वाचून आता वाटतंय की सिलॅबसमध्ये आपला पोलीस पाटील का नव्हता? १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आहे की. गावातलाच माणूस, गावात राहणारा, दहावी पास, पगार नाही नुसतं मानधन, आणि गावात रात्री काही झालं की पहिला फोन त्याला. यापेक्षा जास्त कम्युनिटी काय असतं.


निवृत्त_ठाणे_अंमलदार
पोलीस पाटलावर वेगळा धागा काढ, रात्र पुरणार नाही. चांगला असला तर अख्खं गाव झोपतं, वाईट असला तर ठाण्याचा दलाल होतो. आता बऱ्याच गावांत बाया पोलीस पाटील आहेत. आमच्या शेवटच्या हद्दीत एक होत्या, त्या पंचनाम्याला आल्या की पहिलं वाक्य, “साहेब, घरातल्या बायकांना कोणी विचारलं का?” आमचं कोणाचं डोकं तिकडे जायचंच नाही.

माणदेशी पोरी, पोलीस पाटलाला वय २५ लागतं, तोवर शिकून घे.


माणदेशी_पोरगी
बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला सगळा धागा वाचून दाखवला, ती पारध्यांच्या शाळेचं ऐकताना गप्पच झाली आणि नंतर म्हणाली आपल्या वरच्या रानात दोन वर्षांपूर्वी मोटर गेली तेव्हा तुझ्या बापानेही तेच नाव घेतलं होतं. वडील तिथेच बसले होते. काही बोलले नाहीत, उठून जनावरांना वैरण टाकायला गेले.

इंग्लंडचं पत्रक मामाला दाखवलं आणि लीड्सकर दादांचं उत्तर पण वाचून दाखवलं, मामा आता तीन दिवस ‘बघ मी म्हटलं नव्हतं’ करणार. सध्याचं ठरलंय ते असं, की तालुक्याच्या कॉलेजात बीए समाजशास्त्राला ॲडमिशन, गांधीनगरची माहिती मागवून ठेवते पण वडिलांना एवढ्या लांब पाठवायचं पटत नाहीये, सोबत भरती आणि ग्राउंड. टीसचं एमए तीन वर्षांनी, तेव्हाचं तेव्हा. आणि काका, शांतता कमिटीचं मामाला विचारलं तर म्हणाला तिथे पोरीबाळींचं काय काम. मग मी ठाण्यात फोन केला आणि त्या लेडीज कॉन्स्टेबलचं नाव सांगून विचारलं, तर त्या दीड वर्षापूर्वीच बदलून गेल्यात म्हणे. कुठे ते फोनवरच्या माणसाला माहीत नव्हतं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला बैठक आहे, या तुम्ही, कोण अडवतंय. तर मी आणि माझी मैत्रीण जाणार आहोत. टपरीवर थांबायला जमेल का बघते, संध्याकाळची शेवटची गाडी सहा वाजता आहे.

बॅच_एकोणीस दादा, वही कशी आखली होती ते सांगाल का, नुसते वार आणि वेळ की अजून काही?


बॅच_एकोणीस
वार, वेळ, जागा, काय गेलं, कोणी सांगितलं, आणि एक मोकळा रकाना ‘तक्रारदार अजून काय बोलला’ असा. नावं लिहायची नाहीत, ती ठाण्याची असतात. तो मोकळा रकाना सगळ्यात जास्त भरला. एका आजीने मोबाईल गेल्याच्या तक्रारीत सांगितलं होतं की स्टँडवरच्या मुतारीला दार नाही म्हणून ती पिशवी बाहेर ठेवून गेली. ते रजिस्टरमध्ये कुठे येणार.


पहाटे_पाचचं_ग्राउंड
सगळं झालं का बोलून? आता गोळ्याचं. ताई तू गोळा हाताने टाकतेस, ९९ टक्के पोरींची हीच चूक असते. चार किलोचा गोळा भाड्याने मिळतो, नाहीतर कोणाच्या तरी दुकानातून जुनी मापं वजन करून फडक्यात बांध, सुरुवातीला चालतं. गळ्याला चिकटवून ठेव, कोपर वर, आणि जोर पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात, हात सगळ्यात शेवटी. तीस थ्रो, एक दिवसाआड. व्हिडिओ काढून इथे टाक, बघून सांगतो.


माणदेशी_पोरगी
कोपर खालीच राहतं माझं. उद्या काढते व्हिडिओ.